हरण्याचे कारण पटावर दिसले पाहिजे

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच सहा वर्षांची झाली. सापशिडी आणि ल्यूडो यांचा तिला आता कंटाळा येतो; ‘यात मी काहीच करत नाही, सगळे फासाच करतो,’ असे ती म्हणते. म्हणून आम्ही तिला बुद्धिबळ शिकवायला घेतले. मोहऱ्यांच्या चाली तिने आठवडाभरात आत्मसात केल्या, पण पाच-सहा डाव हरल्यानंतर ती पटाकडे फिरकेनाशी झाली. डोके चालवावे लागेल, पण झेपेलही, असा पटावरचा खेळ निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर : आपल्या मुलीने फाशाविषयी जे म्हटले आहे ते अगदी खरे आहे आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही; ल्यूडोत कोणती सोंगटी पुढे न्यायची एवढाच काय तो निर्णय, आणि तोही दान पडल्यावर. असे खेळ वाया जातात असे मात्र समजू नये. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक ते दहा आकडे सरळ ओळीत मांडलेल्या पटावर खेळू दिले होते. दोन आठवड्यांत सुमारे पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे झाली, तेवढ्यानेही त्या मुलांची संख्यांची जाण सुधारली. दान मोजणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, नियम सर्वांना सारखे असतात हे मान्य करणे, हे सारे मूल याच खेळांत शिकते. आपल्या मुलीचे ते शिकून झाले आहे आणि आता तिला स्वतः ठरवायचे आहे.

मग बुद्धिबळात तर सारे काही स्वतःच ठरवायचे असते, तरी ते का जमले नाही? चाली अवघड होत्या म्हणून नव्हे. त्या तिला येतात. अडचण आहे ती चूक आणि तिचे फळ यांच्यामधील अंतराची. बुद्धिबळात पाचव्या चालीला उगाच पुढे सारलेले प्यादे पंचविसाव्या चालीला महाग पडते. मोठ्या माणसाला तो धागा मागे नेता येतो, सहा वर्षांच्या मुलीला येत नाही. तिला एवढेच दिसते की सगळे नीट चालले होते आणि अचानक आपला राजा अडकला. हरण्याचे कारण न कळता हरणे आणि फासा उलटा पडल्यामुळे हरणे यांत लहान मुलाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो; उलट पहिले अधिक जिव्हारी लागते, कारण तिथे दोष फाशावर टाकता येत नाही.

म्हणून लहान मुलांसाठी खेळ निवडताना मी एक कसोटी सर्वांत वर ठेवते. डाव संपल्यावर ‘कुठे चुकले?’ असे विचारले, तर मुलाला पटावर बोट ठेवून ‘इथे’ असे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत असेल तर पुढचा डाव खेळण्याची इच्छा आपोआप होते, कारण या वेळी काय वेगळे करायचे ते त्याला ठाऊक असते.

या कसोटीला उतरणारा खेळ बहुधा तीन बाबतींत आटोपशीर असतो. पहिली बाब म्हणजे एका पाळीला किती पर्यायांतून निवड करायची. बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्याच चालीला वीस पर्याय असतात, तर कनेक्ट फोरमध्ये सात आणि मांकालाच्या प्रचलित प्रकारात सहा (या दोन्ही खेळांची ओळख पुढे दिली आहे). सहा-सात पर्याय मूल खरोखर एकेक करून पाहू शकते. वीस असले की ते पाहणे सोडून देते आणि हाताला येईल ती चाल करते. दुसरी बाब डावाच्या लांबीची. दहा-पंधरा मिनिटांत संपणारा डाव लगेच पुन्हा मांडता येतो, आणि शिकणे घडते ते या दुसऱ्या डावात, पहिल्याची आठवण ताजी असताना. तिसरी बाब नियमांची. चार-पाच वाक्यांत सांगून होणार नाहीत इतके नियम असतील, तर पहिले काही दिवस मूल नियमांशीच झुंजत राहते आणि डावपेचांपर्यंत पोहोचत नाही.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळू. आपल्या मुलीला फुली-गोळा येत असेलच. नसेल तर कागद-पेन्सिल घेऊन तिथूनच सुरुवात करावी. मधले घर चार ओळींत येते, कोपऱ्यातले तीन आणि कडेच्या मधले फक्त दोन ओळींत, हे तिला सांगू नये. तिच्याकडून मोजून घ्यावे. सगळी घरे सारखी नसतात हा डावपेचांचा पहिला धडा इथे मिळतो. दोन्ही बाजूंनी नीट खेळल्यास फुली-गोळा नेहमी बरोबरीत सुटतो आणि चुणचुणीत मुलांना हे लवकरच कळते. तसे झाले की त्याच नऊ घरांवर प्रत्येकी तीनच सोंगट्या घेऊन खेळावे : आधी आळीपाळीने मांडायच्या आणि मग ओळ जुळेपर्यंत शेजारच्या रिकाम्या घरात सरकवत राहायचे. सोंगट्या संपल्या म्हणून डाव कुंठत नाही, आणि आपण हललो की मागे जागा मोकळी होते ही नवी गोष्ट मुलाच्या ध्यानात येते. याचेच थोरले भावंड म्हणजे नवकंकरी. चोवीस बिंदूंच्या पटावर प्रत्येकी नऊ सोंगट्या असतात आणि तीन जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. पण त्यात आधी मांडणे, मग सरकवणे आणि शेवटी तीनच उरल्या की कुठेही उडी, असे तीन टप्पे असल्याने ती सातव्या-आठव्या वर्षी घेतलेली बरी.

आपल्या मुलीसाठी मात्र मी सर्वांत आधी कनेक्ट फोर सुचवीन. उभ्या चौकटीत सात स्तंभ आणि सहा ओळी असतात; चकती वरून सोडायची, ती तळाशी जाऊन बसते, आणि आडव्या, उभ्या वा तिरक्या रेषेत आपल्या चार चकत्या आधी जुळवील तो जिंकतो. नियम इतकेच. हरल्याबरोबर समोरच्याच्या चार चकत्या डोळ्यांपुढे ओळीत उभ्या असतात आणि ‘ती चौथी मी अडवायला हवी होती’ हे कोणी सांगावे लागत नाही. काही दिवसांनी मूल एक पायरी वर चढते : दोन ठिकाणी एकदम तीन-तीन जुळल्या की समोरचा एकच अडवू शकतो, हे त्याला उमगते. एखादे कोडे हाती द्यायचे असेल तर मधल्या स्तंभाचे द्यावे. सात स्तंभांत सलग चार कसेही निवडले तरी मधला त्यात येतोच, त्यामुळे मधल्या स्तंभाशिवाय आडवी चौकडी होऊच शकत नाही. हे स्वतः शोधून काढणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. जेम्स ॲलन आणि व्हिक्टर ॲलिस या संगणकतज्ज्ञांनी १९८८ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले की पहिली चाल करणाऱ्याने एकही चूक केली नाही तर तोच जिंकतो. घरच्या खेळात इतके अचूक कोणी खेळत नाही. पण सुरुवात आळीपाळीने करावी, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

मोजण्याची आवड असलेल्या मुलासाठी मांकाला उत्तम. समोरासमोर सहा-सहा खळगे, प्रत्येकात चार बिया आणि दोन्ही टोकांना एकेक कोठार (उजव्या हाताचे आपले) अशी याची नेहमीची मांडणी. आपल्या एका खळग्यातील सर्व बिया उचलून पुढच्या खळग्यांत आणि आपल्या कोठारात एकेक पेरत जायचे. शेवटची बी आपल्या कोठारात पडली की आणखी एक पाळी मिळते, आणि ती आपल्या बाजूच्या रिकाम्या खळग्यात पडली तर समोरच्या खळग्यातील बियाही आपल्या होतात. डावाच्या आरंभी कोणत्या खळग्यापासून सुरुवात केल्यास ही जादा पाळी मिळेल, हे मूल पहिल्या दोन-तीन डावांतच हुडकते. डावीकडून तिसरा, कारण तिथून कोठार बरोबर चौथ्या जागी येते. हात चालवण्यापूर्वी मनात मोजून पाहण्याची सवय या खेळाइतकी सहज लावणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

नियम सोपे म्हणून खेळ सोपा, असे मात्र समजू नये. समोरच्याच्या चकत्या आपल्या चकत्यांमध्ये पकडून उलटवायच्या आणि आपल्या रंगाच्या करायच्या, असा ऑथेलो हा खेळ. त्याचे नियम दोन वाक्यांत सांगता येतात आणि पहिल्या चालीला तर चारच पर्याय असतात. तरीही सहाव्या वर्षी मी तो सुचवत नाही. त्यात सुरुवातीला जास्तीत जास्त चकत्या उलटवणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते. जो आधी मागे दिसतो तो कोपरे मिळवून शेवटच्या काही चालींत सारा पट आपल्या रंगाचा करतो. आधीपासून जिंकत असलेले मूल दोन मिनिटांत हरते आणि का हरले ते पटावर कुठेच दिसत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हाच खेळ अतिशय आवडू शकतो.

आणि बुद्धिबळाचा पट माळ्यावर टाकू नये. त्यातली फक्त प्यादी मांडावीत, दोन्हीकडे आठ-आठ. चाली नेहमीच्याच, आणि ज्याचे प्यादे आधी शेवटच्या ओळीत पोहोचेल तो जिंकला. कोणालाच चाल उरली नाही तर काय, हे आधी ठरवून घ्यावे. बरोबरी मानणे सोपे. या छोट्या डावात कोणते प्यादे निसटले ते लगेच कळते. तो जमू लागला की एकेक हत्ती वाढवावा, मग उंट, आणि राजा सर्वांत शेवटी. काही महिन्यांनी ती पुरे बुद्धिबळ मागेल तेव्हा प्यादे पुढे सारण्याआधी दोनदा विचार करण्याची सवय तिला लागलेली असेल.

प्रश्न : आमच्याकडे मुलगा नऊ वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची आहे. दोघांना एकत्र खेळवायचे म्हटले की दादाच जिंकतो. मी किंवा त्यांचे बाबा धाकटीशी खेळतो तेव्हा मुद्दाम हरतो, पण दादा ते बोलून दाखवतो आणि ती रडते. मुद्दाम हरणे चूक आहे का?

उत्तर : आपला हेतू मायेचा आहे, पण चोरून हरणे सोडून द्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. चार ते पाच वर्षांच्या सुमारास मुलांना हे कळू लागते की समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, आणि समोरचा जाणूनबुजून चुकीची चाल करतो आहे हा संशयही त्याच वयात येऊ लागतो. तो एकदा आला की खरी मिळवलेली जीतही खोटी वाटते. शिवाय आपण चुकीच्या चाली केल्या की मूल चुकीच्या चालीच पाहून शिकते.

त्याऐवजी उघड सवलत द्यावी. ‘गो’ या जुन्या खेळात ही पद्धत सन्मानाने चालत आली आहे : दुर्बळ खेळाडूला सुरुवातीलाच पटावर दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या मांडू दिल्या जातात आणि मग दोघेही जीव तोडून खेळतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या घरीही हेच करता येईल. कनेक्ट फोरमध्ये धाकटीने मधल्या स्तंभात एक चकती आधीच टाकून ठेवावी. मांकालात दादाच्या प्रत्येक खळग्यात चारऐवजी तीन बिया असाव्यात. प्याद्यांच्या डावात मोठ्यांनी पाचच प्यादी घ्यावीत. धाकटी लागोपाठ तीन डाव जिंकली की सवलत एका पायरीने कमी करायची, तीन हरली की वाढवायची, आणि हे सर्वांसमक्ष ठरवायचे. सवलत कमी झाल्याचा आनंद काही मुलांना जिंकण्यापेक्षाही अधिक होतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. दादालाही मग खरा सामना मिळतो; आज त्याचीही उपासमारच होत आहे.

चौघांनी मिळून खेळायचे असेल तर ब्लॉकस पाहावा. वीस गुणिले वीस चौकोनांच्या पटावर प्रत्येक रंगाचे एकवीस तुकडे असतात आणि आपला नवा तुकडा आपल्याच रंगाच्या तुकड्याला कोपऱ्याने टेकला पाहिजे, कडेने टेकता कामा नये, एवढाच खरा नियम. कोणाचेही काही उचलले जात नाही आणि शेवटी ज्याच्या हाती सर्वांत कमी चौकोन उरतील तो जिंकतो. एकवीसपैकी बारा तुकडे पाच-पाच चौकोनांचे असतात व तेच बसवायला कठीण जातात. त्यांतले तीन-चार वेडेवाकडे तुकडे धाकटीकडून सुरुवातीलाच काढून घेतले की तिची सवलत झाली. मोठे तुकडे आधी बसवावेत, हे मात्र तिचे तिला कळू द्यावे.

प्रश्न : सात वर्षांचा माझा मुलगा हरायला लागला की पट उधळतो. समजावून, रागावून, खेळ बंद करूनही पाहिले. त्याच्यासाठी वेगळा खेळ घ्यावा का?

उत्तर : खेळ बदलल्याने थोडा फरक पडेल, डाव संपल्यावर आपण काय करता, त्याने जास्त पडेल.

खेळाविषयी आधी. आपल्या सोंगट्या एकामागून एक उचलल्या जाताना पाहणे काही मुलांना सहन होत नाही. अशा मुलांसाठी चिनी चेकर्स चांगला. चांदणीच्या आकाराच्या पटावर आपल्या दहा सोंगट्या समोरच्या टोकाला न्यायच्या असतात. कोणाचीही सोंगटी मारली जात नाही, उलट समोरच्याची सोंगटी आपल्याला उडीसाठी उपयोगी पडते. एका पाळीत चार-पाच उड्या साधल्या की मूल हरत असतानाही खूश असते. नावात चिनी असले तरी हा खेळ १८९२ साली जर्मनीत निघाला आणि हाल्मा या त्याआधीच्या चौकोनी पटावरील खेळावर बेतलेला आहे.

सर्वांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचे खेळही मिळतात. जर्मनीतच १९८६ साली आलेला ‘ओब्स्टगार्टन’ हा त्यांतला लहान मुलांचा प्रसिद्ध खेळ. कावळा बागेत पोहोचण्याआधी सर्वांनी मिळून फळे उतरवायची. हरलो तर सारेच हरतो, हा अनुभव आपल्या मुलाला महिनाभर मिळू द्यावा. तो खेळ बव्हंशी फाशावरचा असल्याने सात वर्षांच्या मुलाला फार काळ पुरणार नाही. आणि मिळून खेळण्याच्या थोड्या अवघड खेळांत एक धोका असतो : मोठी माणसे सल्ला देता देता सगळ्या चाली स्वतःच ठरवू लागतात. मुलाच्या पाळीला मुलाने विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा.

आता डाव संपल्यावरचे. हरल्याबरोबर सोंगट्या गोळा करू नयेत. शेवटच्या तीन चाली मागे घ्याव्यात आणि ‘इथून तू पुन्हा खेळ, मी मघाशीच खेळलो तसाच खेळतो,’ असे म्हणावे. त्याला बहुधा स्वतःची चूक सापडते आणि त्या तीन चालींत तो जिंकतोही. निकाल बदलत नाही, पण हरणे ही अंगावर कोसळलेली गोष्ट न राहता सुटण्यासारखे कोडे होते. पट उधळला गेला तर मागे घ्यायला काही उरतच नाही, हे त्याला काही दिवसांत आपोआप कळेल; त्यासाठी वेगळे रागावू नये. मूल दमलेले, भुकेलेले असताना डाव मांडू नये, आणि ‘हा शेवटचा’ असे म्हटलेला डाव शक्यतो त्याच्या आवडीच्या खेळाचा असावा.

प्रश्न : खोक्यावर लिहिलेले वय कितपत मानावे? घरात दीड वर्षाचे बाळही आहे.

उत्तर : खोक्यावरील आकडा दोन निराळ्या गोष्टी सांगत असतो आणि त्या वेगळ्या करून वाचाव्या लागतात. त्यातली एक म्हणजे खेळाची काठिण्यपातळी. तिच्याबाबत एक-दोन वर्षे मागेपुढे करायला हरकत नाही. तुमचे मूल काय खेळते हे तुम्हांला निर्मात्यापेक्षा जास्त माहीत असते. युरोपीय संघात चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या वस्तूंना खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम लागू होतात, अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी वेगळी चाचणी लागते; ते टाळण्यासाठीही मोठे वय छापले जाऊ शकते, त्यामुळे ‘१४ वर्षांवरील’ असे छापलेला प्रत्येक खेळ अवघड असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट सुटे भाग गिळले जाण्याची, आणि तिथे मात्र तडजोड करू नये. ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ ही सूचना मोठ्या भावंडासाठी घेतलेल्या खेळालाही लागू असते, कारण बाळ त्याच जमिनीवर रांगत किंवा चालत असते. सुरक्षिततेच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. तीत पूर्ण मावणारी वस्तू लहान बाळासाठी धोक्याची धरली जाते. मांकालाच्या बिया, चिनी चेकर्सच्या गोट्या आणि ब्लॉकसचे लहान तुकडे तिच्यात सहज मावतात. बाळ जागे असेल तेव्हा हे खेळ टेबलावरच मांडावेत, डाव संपल्यावर सोंगट्या मोजून डबीत भराव्यात, आणि मोजण्याचे ते काम मोठ्या मुलाकडे सोपवावे.